दोन वेढे

“पाय सोड. अगं, सोड म्हणते ना. तुझा पाय घेऊन मी काय पळून जाणारे?”

मावशी न्हाणीघरात भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसली होती आणि दोन महिन्यांची पोर तिच्या नडग्यांवर उताणी पडून दोन्ही गुडघे पोटाशी आवळून होती. मावशीने तेलाचा अंगठा मांडीपासून खाली सावकाश ओढत नेला, पोटरीशी थांबली, पुन्हा नेला. तिसऱ्या वेळी पोरीने हट्ट सोडला आणि पाय सरळ झाला. मावशीने लगेच दुसरा धरला.

पोरीची आई दारात उभी राहून हे सगळं शिकून घेत होती, निदान ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात ती चौकटीला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपली होती. मावशीने टॉवेल मागितला तेव्हा ती दचकली आणि तिने हातातला साबणच पुढे केला.

“फारच जागवते का गं ही?”

“रात्रीचं काही नाही हो मावशी. संध्याकाळी सहाला सुरू होते ती नऊला थांबते. तीन तास नुसतं किंचाळणं. शेजारचे भिंतीवर ठोकतात. आणि सोमवारपासून मला कामावर जायचंय.” तिने साबण ठेवून टॉवेल दिला. “मला काही सुचत नाहीये.”

सुनेचा आवाज ऐकून आतून आजी आली, म्हणजे पोरीच्या बापाची आई. “मावशी, ते तुमचं जायफळ द्या ना,” ती म्हणाली. “ढब्बूला नव्हतं का दिलं तुम्ही? दहा मिनिटांत गप्प व्हायचा.”

ढब्बू म्हणजेच पोरीचा बाप. एकतीस वर्षांपूर्वी तो याच न्हाणीघरात याच नडग्यांवर पडला होता आणि इतका गुबगुबीत होता, की मावशीनेच त्याला हे नाव चिकटवलं. आता तो कारखान्यात लेथ मशीन चालवतो, हाताखाली सहा माणसं आहेत, मिशा चांगल्या भरघोस आहेत. पण मावशीपुढे त्याच्या मिशांचं काही चालत नाही.

“देते,” मावशी म्हणाली. “पण संध्याकाळी मी यायची नाही. तीन जिने तुमचे, आणि माझा गुडघा दिवसातून एकदाच माझं ऐकतो. ढब्बूला सांगा उगाळायला. चमचाभर आईच्या दुधात. दोन वेढे. दोन म्हणजे दोनच, तिसरा घ्यायचा नाही. सहाण आहे ना घरात?”

“आहे की,” आजी म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पुढचं सगळं याच वाक्यांतून झालं, म्हणून ती जशीच्या तशी सांगितली.

मावशीचं सगळं माप वेढ्यांतलं. उगाळायच्या दगडावर, म्हणजे सहाणेवर, दुधाचे दोन थेंब टाकायचे, जायफळ टेकवायचं आणि गोल फिरवायचं. एक फेरी म्हणजे एक वेढा. सासूने तिला हे काम शिकवलं ते असंच, आणि सासूची सहाणही तिच्याकडेच आली. मालीश तर ती चाळीस वर्षं करत होती. किती मुलं हाताखालून गेली हे तिने मोजलं नव्हतं, पण बसमध्ये चढली की कुणीतरी बाप्या उठून जागा द्यायचा आणि म्हणायचा, “मावशी, ओळखलंत का?” ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. म्हणायची, “चालून दाखव, मग सांगते.”

आणि तिला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कळायचं. दोन मुलांच्या खुब्यात खट्ट वाजतं हे डॉक्टरांच्या आधी तिच्या बोटांना लागलं होतं. अंगावर पिवळेपणा दिसला, की ती तेलाची बाटली उघडायचीही नाही. “हे माझं काम नाही, आधी डॉक्टरकडे न्या,” म्हणायची आणि निघायची. तिच्या पिशवीत तेल, दोन मऊ फडकी, ती जुनी सहाण आणि जायफळ, एवढाच संसार. पूर्वी जायफळ द्यायचं असलं, की ती स्वतः संध्याकाळी पुन्हा यायची, स्वतः उगाळायची, बाळाच्या जिभेवर लावायची आणि ते झोपलेलं बघून मगच उठायची. गेल्या वर्षापासून गुडघ्याने दगा दिला. तेव्हापासून ती सकाळीच जायफळ घरात ठेवून यायची आणि वेढे सांगून यायची. सहा घरांत अशी सहा जायफळं होती. हे सातवं.

दुसऱ्या दिवशी नऊला ती जिने चढून आली तर दार सताड उघडं, आणि आत समोरच्या घरातली बाई खुर्चीवर बसलेली.

“अहो मावशी, तुम्हाला निरोप नाही मिळाला? पोरीला दवाखान्यात नेलंय पहाटे. उठेचना.”

“उठेचना म्हणजे?”

“काल सातला झोपली. सगळे खूश. पहाटे दुधाला उठवायला गेली आई, तर मान टाकलेली. तोंडात दूध घातलं तर ओघळून बाहेर. मोठ्या दवाखान्यात नेलंय. मी म्हटलं, घर उघडं आहे, बसते.”

मावशी उंबऱ्यातून आत आली. “ताप होता?”

“नव्हता म्हणे.”

मावशी तशीच स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर, नळाच्या शेजारी, सहाण होती. गोल, करकरीत नवी, बुडावर दुकानाचं चिकटलेलं लेबल अजून तसंच. तिने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला. कानशीवरून फिरवावा तसं लागलं. शेजारी ते जायफळ पडलं होतं. त्याची एक बाजू चांगली नखाएवढी सपाट झाली होती. मावशीच्या स्वतःच्या जायफळाला एवढं झिजायला महिना लागत असे.

तिला सगळं एका क्षणात समजलं. तिची सहाण सासूच्या आणि तिच्या हाताने घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. मधे खळगा पडला होता. तिचा हात हलका. दोन वेढे म्हणजे त्या दगडावरचे, त्या हाताचे दोन वेढे. ते दोन वेढे तिने लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात दिले होते आणि दगड कुठला हे विचारलंसुद्धा नव्हतं. “सहाण आहे ना?” “आहे की.” झालं.

नळ हाताशी होता. खोटं कशाला सांगा, तिची नजर नळाकडे गेली. दोन चुळा भरायला लागतं तेवढ्या पाण्यात दगड स्वच्छ झाला असता, आणि जायफळ पिशवीत गेलं असतं. बाहेरची बाई खुर्चीवरून उठलीही नसती. मावशी तिथे किती वेळ उभी राहिली हे तिलाही पुढे सांगता आलं नाही. मग तिने पिशवीतलं फडकं काढलं, दगड आणि जायफळ त्यात गुंडाळलं आणि “मी दवाखान्यात जाते,” असं सांगून जिना उतरली. त्या दिवशी तिच्या गुडघ्याने तक्रार केली नाही.

मोठ्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या एका नर्सने तिला हटकलं. “मावशी, तीन नंबरला पुसायचं राहिलंय हो.” अंगावरची साधी साडी, हातात फडकं, तिचं तरी काय चुकलं? मावशी म्हणाली, “पुसते हो नंतर. लहान मुलांचा विभाग कुठे?” नर्सने ओशाळून जिन्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या मजल्यावर बाकावर आजी बसली होती. ढब्बू भिंतीशी उभा होता. मिशांसकट सगळा चेहरा उतरलेला. सून आत होती. मावशीला बघताच आजी उठली आणि तिचा दंड धरून तिला कोपऱ्यात घेऊन गेली.

“तुम्ही कशाला आलात इथे?”

“पोर कशी आहे?”

“तशीच. सलाईन लावलंय. मेंदूज्वर आहे का ते बघायचंय म्हणतात. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणार. सही घेतलीये ढब्बूची.”

“जायफळाचं सांगितलंत?”

आजीने इकडेतिकडे बघितलं. “नाही.”

“विचारलं नाही त्यांनी?”

“विचारलं. मी म्हटलं, आईच्या दुधाशिवाय काही नाही.” मावशी काही बोलायच्या आत ती भराभर कुजबुजली. “अहो, ती डॉक्टरीण कशी आहे तुम्हाला माहीत नाही. मागे नुसतं पाणी पाजलं म्हणून सूनबाईला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं होतं तिने. आणि तुमचं नाव आलं असतं. आख्ख्या वस्तीत तुमचं नाव. एवढ्याशा जायफळाने काय होतंय? माझा ढब्बू नाही का धडधाकट?”

आजी वाईट नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला आपण दुसऱ्याला सांभाळतोय असं वाटलं की जरा बरं वाटतं. मावशीला तिचा राग आला नाही. उलट क्षणभर तिला वाटलं, की कुणीतरी आपल्यासाठी सगळं आधीच निस्तरून ठेवलंय. आता फक्त बाकावर जाऊन बसायचं आणि बाकीच्यांसारखं देवाचं नाव घ्यायचं.

“एवढंसं नव्हतं ते,” मावशी म्हणाली. “माझ्या हाताने एवढंसं. इथे चौपट गेलंय.”

“मावशी, ऐका माझं.”

“तुम्ही माझं ऐकलंत, म्हणून तर हे झालं,” मावशी म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

डॉक्टरीण तरुण होती, तिशीही गाठलेली नसेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती हातमोजे चढवत होती. पलीकडे पाळण्याएवढ्या पलंगावर पोर पडली होती, एरवी आवळलेले असायचे ते दोन्ही पाय सैल पसरून.

“बाहेर थांबा. तुम्ही कोण?”

“मी मालीशवाली. ती सुई घालायच्या आधी माझं ऐका. काल संध्याकाळी हिला जायफळ दिलंय. मी द्यायला सांगितलं होतं.”

पलंगाशी बसलेल्या सुनेने मान वर केली. डॉक्टरीण पलंगाकडे वळली. मग तिने पोरीच्या तोंडात बोट घालून बघितलं, नाडी पुन्हा धरली. “तोंड कोरडं, नाडी पळतेय, आणि ताप नाही,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. मग आवाज चढला. “मी तीनदा विचारलं या लोकांना. तीनदा. किती दिलं?”

“दोन वेढे.”

“म्हणजे किती?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. दोन वेढे म्हणजे दोन वेढे. त्याच्या पलीकडे त्याला काही नाव असेल, वजन असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“ते मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “पण दाखवता येईल. तुमच्याकडे बारीक वजन करायचा काटा आहे?”

डॉक्टरीण चिडून काहीतरी बोलणार होती, पण तिच्या नजरेस ते फडक्यात गुंडाळलेलं पडलं. तिने हातमोजे काढले आणि नर्सला औषधांच्या खोलीतला काटा आणायला सांगितलं.

स्टीलच्या ट्रेवर सहाण पुसून, वजनात दूध यायला नको म्हणून कोरडीच ठेवली. मावशीने जायफळ उचललं, दगडावर टेकवलं, आणि मग उचलून बाजूला केलं. “माझा हात नको. ज्याने दिलं त्याचा हात पाहिजे.”

ढब्बूला आत बोलावलं, त्याच्यामागून आजीही आली. त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. “मी दोनच घेतले,” तो म्हणाला. “मावशी, आईशपथ दोनच. मोजून.”

“मला माहितीये. काल जसे घेतलेस तसेच घे. मुद्दाम हलके घेऊ नकोस. जसे घेतलेस तसे.”

त्याने घेतले. यंत्राचा चाप दाबायची सवय असलेल्या हाताने, मनापासून, काम चोख व्हावं म्हणून नीट दाबून दोन वेढे. दगडावर तपकिरी भुकटीचा जाड थर आला. नर्सने तो खरवडून कागदावर घेतला आणि काट्यावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहिला. मग मावशीने आपल्या पिशवीतली जुनी सहाण काढून त्याच जायफळाचे स्वतःच्या हाताने दोन वेढे घेतले. त्याचा काट्यावर आकडाच दिसेना. दगडाला नुसता रंग आला होता.

ढब्बू दोन्ही दगडांकडे बघत होता. त्याचे हात लोंबकळत होते, जणू ते त्याचे नव्हतेच. “म्हणजे मी…” तो म्हणाला.

“नाही,” मावशी म्हणाली. “तू नाही. इकडे बघ माझ्याकडे. तुला दोन सांगितले, तू दोन घेतलेस. एका कणाने चुकला नाहीस. चूक माझी. मी दगड बघितला नाही, हात बघितला नाही. हे तू जन्मभर डोक्यात घेऊन फिरायचं नाहीस, समजलं? तुझी आई इथे आहे, बायको आहे, त्यांच्यादेखत सांगते. मी चुकले.”

डॉक्टरीण फोनवर कुणाशी तरी बोलायला लागली. आकडा सांगितला, पोरीचं वजन सांगितलं, बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग फोन ठेवून तिने ती सुई ट्रेमधून काढायला लावली. “आत्ता नको. चार तास बघू. सलाईन चालू ठेवा, दर पंधरा मिनिटांनी नाडी,” ती नर्सला म्हणाली. मग मावशीकडे वळली. “आतापर्यंत काही झालं नाही ते तुमच्या हलक्या हातामुळे असं समजू नका. एका जायफळासारखं दुसरं नसतं. एवढ्या लहान बाळाला दुधाशिवाय काहीही द्यायचं नसतं, थेंबभरही नाही. तुमच्या हातून निभावलं ते त्या मुलांचं नशीब.”

एरवी मावशीने दोन खरमरीत शब्द ऐकवले असते. त्या दिवशी ती बाहेर येऊन बाकावर बसली. तिला एक मुलगी आठवली, पंचवीस वर्षांपूर्वीची. जायफळ दिल्यावर सलग दीड दिवस झोपली होती. घरच्यांनी तेव्हा मावशीचं कोण कौतुक केलं, आणि मावशीने ते करून घेतलं. ती मुलगी पुढे धड झाली, आता तिला स्वतःची दोन मुलं आहेत. पण त्या दीड दिवसात ती मरणाच्या किती जवळ होती, हे मावशीला आज, बाकावर बसल्यावर कळत होतं.

दुपार अशीच गेली. आजी शेजारी बसली होती, पण दोघींच्या मधे एका माणसाची जागा रिकामी होती. ढब्बू जिन्यावर जाऊन बसला. साडेतीनच्या सुमाराला आतून मांजरासारखा एक बारीक आवाज आला. मग जरा मोठा. मग असा काही टिपेचा, की अख्खा मजला दणाणला. ढब्बू जिन्यावरून पडत-धडपडत आला. सून पोरीला छातीशी धरून पोरीपेक्षा मोठ्याने रडत होती, आणि तिघीचौघी नर्सा हसत होत्या. ज्या किंचाळण्याने घराच्या नाकी नऊ आले होते ते ऐकायला सगळे जीव मुठीत धरून थांबले होते.

मावशी दारापर्यंतच गेली. सुनेने तिला बघितलं आणि पाठ फिरवली. ते बरोबरच होतं, असं मावशीला वाटलं. तिच्या जागी आपण असतो तर पाठ फिरवण्यावर भागवलं नसतं. बाहेर पडताना डॉक्टरीण भेटली. “तुम्ही आला नसतात तर मी त्या पोरीला सुई टोचून बसले असते आणि तरी काही कळलं नसतं,” ती म्हणाली. आवाज अजून कडकच होता. “आणखी कुठे कुठे दिलंय तुम्ही हे?”

“सहा घरांत.”

“मग इथे कशाला उभ्या आहात?”

घरी गेल्यावर लेकीने सगळं ऐकून घेतलं. लेक लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते, आईसारखीच तोंडाने फटकळ. “डॉक्टरला सांगितलंस ना? पोर वाचली ना? मग सुटलं,” ती म्हणाली. “आता घरोघरी जाऊन स्वतःच्या तोंडाने डांगोरा कशाला पिटतेस? फोन करून सांग, जायफळ खराब निघालं, टाकून द्या. कुणी विचारणारसुद्धा नाही.”

“जायफळ खराब नव्हतं.”

“आई, उद्या एक घर राहणार नाही तुझ्याकडे.”

“माहितीये गं,” मावशी म्हणाली. “मलाही भीती वाटतेय. पण फोनवर सांगितलं, तर दुसरं चांगलं जायफळ विकत आणतील आणि दोन वेढे घेतील.” लेकीने आईच्या गुडघ्याला मलम चोळून दिलं आणि दिवा मालवला.

सकाळी मावशी ती सहा जायफळं परत घ्यायला निघाली. पहिल्या घरी लगेच ऐकलं. जायफळ दिलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका हे सांगताना बाळाचा बाप तिच्या चपलांकडे बघत होता. दुसऱ्या घरी जायफळ अजून वापरलंच नव्हतं. तिसऱ्या घरातल्या सासूने चार शब्द सुनावले, ते मावशीने उभ्याने ऐकून घेतले. चौथ्या घरी सुनेने जायफळ दिलं आणि “विचार करून कळवते,” म्हणाली.

पाचवं घर सगळ्यांत अवघड गेलं. आणि गेलं ते का, तर तिथे तिच्यावर भलताच विश्वास होता.

“काहीतरीच काय मावशी,” त्या घरातली आजी हसत म्हणाली. “माझी तिन्ही मुलं तुमच्या जायफळावर मोठी झाली. एकाला तरी काही झालं? त्या लोकांनाच नीट उगाळता आलं नसेल. मी नाही बाई देणार परत.”

“त्यांनी मी सांगितलं तसंच केलं.”

“मग त्या पोरीचीच प्रकृती नाजूक असेल. अहो, हे डॉक्टर लोक आपल्याला येडं ठरवायलाच बसलेत. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमच्या हाताला गुण आहे, सगळी वस्ती सांगेल.”

आदल्या दिवसापासून कुणीतरी असं म्हणावं यासाठी मावशीचा जीव आसुसला होता. आता कुणी म्हणालं, तर ते तिला खोडून काढायचं होतं. चाळीस वर्षं कमावलेलं नाव समोर खुर्चीवर बसून तिच्याशीच हुज्जत घालत होतं. पाळण्यात दीड महिन्याचं नातवंड मुठी चोखत पडलं होतं.

“मला कळत नव्हतं,” मावशी म्हणाली.

“काय?”

“किती देतेय ते. तुमच्या पोरांना दिलं तेव्हाही कळत नव्हतं. सासूने सांगितलं दोन, मी घेतले दोन. काही झालं नाही म्हणून मला वाटलं, मला येतंय. मालीश येते मला. हे येत नव्हतं.”

त्या आजीचं हसू हळूहळू मावळलं. ती मावशीकडे बघत राहिली, मग पाळण्याकडे, मग भिंतीवरच्या तिन्ही मुलांच्या फोटोकडे. आत गेली, डबे उघडल्याचे आवाज आले, आणि बाहेर येऊन तिने जायफळ मावशीच्या हातावर ठेवलं. ठेवताना बोटाला बोट लागू दिलं नाही. पुन्हा या असं काही ती म्हणाली नाही. मावशीनेही तशी वाट बघितली नाही.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मावशीला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, पदराने तोंड पुसलं, आणि कठडा धरून खाली उतरली. सहावं घर रस्त्याच्या पलीकडे होतं.

तिथे तिने दार वाजवलं तेव्हा आतून एक बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं. दार बापाने उघडलं. केस विस्कटलेले, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग, डोळे तारवटलेले. मावशीला बघून त्याच्या जिवात जीव आला.

“आलात एकदाच्या. धरा हो, धरा हिला, तुमच्याकडेच गप्प राहते ही,” तो म्हणाला आणि त्याने ती रडती पोर तशीच दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

मावशीचे हात आपसूक वर आले. ते तिने मागे घेतले, पदराखाली एकमेकांत धरून ठेवले, आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“आधी मी सांगते ते ऐकून घे,” ती म्हणाली. “मग द्यायची तर दे.”